आखाजीची देणी आणि एक सुती लुगडं

गिरणाकाठ | ३ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यंदा आखाजी (म्हणजे अक्षय तृतीया) १९ एप्रिलला आहे आणि नेहमीप्रमाणे मी देण्याघेण्याच्या खरेदीला लागले आहे. माझे सासर जळगावात आणि माहेर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. आई असेपर्यंत ही सगळी खरेदी तीच करत असे. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि तिची खरेदीची वही माझ्याकडे आली. त्या वहीत प्रत्येक माणसापुढे एकच ओळ आहे. माझ्या फुईपुढे (म्हणजे आत्यापुढे, आमच्याकडे फुईच म्हणतात) आईने लिहिले आहे, "सुती, अठरा हात, जांभळं, काठ बारीक."

फुई आता ७८ वर्षांची आहे. सासर पारोळा तालुक्यात असले तरी आखाजीला ती अजूनही माहेरी येते आणि तिला आणायला माझा भाऊ मुराळी म्हणून जातो. लग्न झाल्यापासून ती रोज नऊवारी सुती लुगडेच नेसत आली आहे, दुसरे काही तिने अंगाला लावलेले मी पाहिलेले नाही. गेल्या आठवड्यात मी जळगावच्या बाजारात पाच दुकाने फिरले. पहिल्या दोन ठिकाणी "ताई, आता ते कोण नेसतं?" असे ऐकले. तिसऱ्या दुकानात नऊवारी म्हटल्याबरोबर त्या मुलाने माझ्यापुढे शिवलेल्या नऊवाऱ्या टाकल्या, म्हणजे मुली कार्यक्रमात नाचासाठी पायजम्यासारख्या चढवतात त्या. चौथ्या ठिकाणी "कॉटनसारखंच आहे" असे सांगून पॉलिस्टर दाखवले. पाचव्या दुकानात लग्नाचा बस्ता चालू होता, त्यामुळे तिथे मला कोणी बसा असेसुद्धा म्हटले नाही.

भर उन्हात घरी परतताना मनात आले की सरळ पाकीट द्यावे आणि मोकळे व्हावे. पण वहीतली ती ओळ सोडवत नाही. असे लुगडे आता खान्देशात कुठे मिळते, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया सांगावे. शिवाय सणाच्या देण्यात तुम्ही वस्तू देता की रोख, आणि का, तेही वाचायला आवडेल.

तापीवासी | ३ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, मी भुसावळचा आहे, रेल्वेतून निवृत्त झालो आहे आणि गेली दहा वर्षे सणाला फक्त रोख देतो. त्याचे कारण सांगतो. माझी आई वारली तेव्हा तिच्या ट्रंकेतून चौदा साड्या निघाल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेल्या त्या साड्यांची घडीसुद्धा कधी मोडलेली नव्हती. त्या सगळ्या सणावाराला आणि लग्नकार्यात आलेल्या होत्या. कुणी तिला आवडीचा रंग विचारला नव्हता आणि तिनेही कुणाला सांगितला नव्हता. आपल्याकडे "देण्याघेण्याच्या साड्या" असा कापडाचा वेगळाच प्रकार तयार झाला आहे. ती साडी एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात फिरत राहते आणि नेसत मात्र कुणीच नाही. त्यापेक्षा पाकिटात रोख आणि वर एक रुपया घालावा, म्हणजे घेणाऱ्याला आपल्या मनाप्रमाणे खर्च करता येतो. रोख देण्यात कसलाही कमीपणा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

धुळेकर वहिनी | ३ एप्रिल, रात्री ११:०२

तापीवासी भाऊ, तुमच्या आईंच्या ट्रंकेचे वाचून वाईट वाटले आणि फिरत्या साड्यांबद्दल तुम्ही जे लिहिले त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र ७८ वर्षांच्या बाईच्या हातात पाकीट दिले तर काय होते, हे मी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत पाहिले आहे. पाकीट संध्याकाळपर्यंत नातवाच्या खिशात जाते. त्या पिढीच्या बायका स्वतःसाठी दुकानाची पायरी चढत नाहीत. त्यांना हवी ती वस्तू कुणीतरी हातात आणून दिली तरच त्यांच्या अंगावर येते.

गिरणाताई, बस्त्याच्या दुकानात तुम्हाला कोणी विचारले नाही याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे आखाजी आणि लगीनसराई एकाच वेळी येतात. एकेका बस्त्याला पंधरा-वीस माणसे येतात, मधोमध गादीवर बसतात, चहा होतो, साड्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत येतो आणि एका लुगड्याचे गिऱ्हाईक दारातच उभे राहते. मी धुळ्याला आग्रा रोडवर खरेदीला जाते ती नेहमी सकाळी दुकान उघडताना जाते. दुकानदाराने नुकतीच उदबत्ती लावलेली असते, बोहनीच्या गिऱ्हाइकाला तो रिकाम्या हाताने जाऊ देत नाही आणि वरच्या फळीवरचा गठ्ठासुद्धा काढून दाखवतो. संध्याकाळी सहानंतर, ऊन उतरल्यावर, सगळे गाव एकदम बाजारात येते. तेव्हा फक्त ठरलेली वस्तू उचलून आणायची असेल तरच जावे.

अंजनीकाठ | ४ एप्रिल, सकाळी ७:३०

लुगड्याची माहिती माझ्याकडे नाही, पण सकाळच्या बाजारावरून घागरीची आठवण झाली. आखाजीच्या सगळ्या खरेदीत मला सर्वांत आनंद घागर घेताना होतो. एरंडोलच्या बाजारात कुंभारीणबाई घागरी गोणपाटावर मांडून बसलेली असते. आपण एक उचलायची आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर घागर पक्की भाजलेली असते, आणि बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर असते किंवा भट्टीत आच कमी लागलेली असते. मग ती बाई स्वतःच दुसरी उचलून आपल्या कानाजवळ धरते आणि वाजवून देते. घरी आणून पाणी भरायचे, वर छोटे मातीचे भांडे ठेवायचे आणि त्यावर डांगर (खरबूज) ठेवून पितरांची पूजा करायची. या खरेदीत घासाघीस करायला मन होत नाही, आणि तिनेही कधी फसवल्याचे मला आठवत नाही.

कापडपेठ | ४ एप्रिल, दुपारी २:२०

मी तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान चालवतो. आमचे दुकान वडिलांच्या वेळेपासूनचे आहे. गिरणाताईंना पाच दुकानांत जे ऐकावे लागले, त्याबद्दल एक दुकानदार म्हणून मला संकोच वाटतो. पण सुती लुगडी का दिसत नाहीत, तेही समजून घ्यावे अशी विनंती आहे.

वडिलांच्या काळात आमच्या दुकानाची एक पूर्ण भिंत लुगड्यांची होती. आज माझ्याकडे महिन्याला दोन किंवा तीन लुगड्यांची मागणी असते. त्यात प्रत्येक बाईचा रंग ठरलेला, काठ ठरलेला आणि पोतही ठरलेला असतो. हिरव्याच्या ठिकाणी जांभळे चालत नाही आणि रुंद काठाच्या ठिकाणी बारीक काठ चालत नाही. म्हणजे तीन गिऱ्हाइकांसाठी मला तीस नग ठेवावे लागतात. सुती माल वर्षभर फळीवर राहिला की घडीच्या रेघेवर रंग उतरतो आणि मग तो माल कुणालाच देता येत नाही. शहरातल्या दुकानांत जागेचे भाडे इतके असते की त्यांनी हा माल केव्हाच बंद केला.

तरीही लुगडे मिळते. मालेगावच्या यंत्रमागावरचा नऊवारी माल मागवून घेता येतो, फक्त पंधरा दिवस आधी सांगावे लागते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली लांबीची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर होतात, पण बाजारात साडेसात मीटरचा नगही नऊवारी म्हणून खपवला जातो आणि तो नेसताना कासोट्याला कमी पडतो. दुसरी सुताची. काठाजवळचा एक धागा काढून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची राख बोटाने चोळली की विरून जाते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला काळा, कडक मणी राहतो. प्रामाणिक दुकानदार हा धागा काढू देतो.

गिरणाकाठ | ४ एप्रिल, रात्री ८:५०

कापडपेठ भाऊ, मनःपूर्वक आभार. आईने वहीत वार न लिहिता "अठरा हात" का लिहिले, ते तुमचा हिशेब वाचून उलगडले. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि दोन हातांचा एक वार. आई दुकानातच पदर कोपराशी धरून मोजत असे आणि लहानपणी मला तिची लाज वाटायची. आता तसे मोजून देणारे कुणी बरोबर नाही, याचेच दुःख होते.

आपल्या दुकानाचा पत्ता मला व्यक्तिगत निरोपातून कळवाल का?

पुण्यातला खान्देशी | ५ एप्रिल, सकाळी १०:१०

गेल्या दिवाळीत मी अगदी हीच चूक केली होती, म्हणून लिहितो. शिंदखेड्याजवळच्या गावी राहणाऱ्या माझ्या मोठ्या आईसाठी मी ऑनलाइन लुगडे मागवले. चित्राखाली "प्युअर कॉटन" लिहिलेले होते. पार्सल गावात पोहोचलेच नाही. ते तालुक्याच्या ठिकाणी पडून राहिले आणि माझा चुलतभाऊ भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर जाऊन ते घेऊन आला. उघडले तर आत निसरडे, चकाकणारे कापड होते. मोठ्या आईने ते नेसण्याचा प्रयत्न केला, पण कमरेला गाठच टिकेना. फोनवर मात्र ती "छान आहे रे" असेच म्हणाली. खरे काय ते मला चुलतभावाकडून कळले. दूर राहणाऱ्या माणसाला मुख्य त्रास हाच असतो. घरचे लोक आपले मन राखण्यासाठी खरे सांगत नाहीत, आणि मग पुढच्या वर्षी आपण तीच चूक पुन्हा करतो.

चाळीसगावकर | ५ एप्रिल, दुपारी १२:४५

वरील अनुभव वाचून कायद्याची माहिती द्यावीशी वाटली, कारण मी ग्राहक तक्रारींची कामे पाहतो. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ पावतीवर छापली म्हणजे ग्राहकाचा हक्क संपला, असा समज सर्वत्र आहे आणि तो बरोबर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सुती म्हणून पॉलिस्टर देणे किंवा नऊवारी म्हणून कमी लांबीचा नग देणे, याची दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र पावती हवीच. सणाच्या गर्दीत आपण पावती न घेता पिशवी उचलून निघतो आणि तिथेच आपली बाजू लंगडी पडते.

कापडपेठ | ५ एप्रिल, दुपारी ३:३०

चाळीसगावकर साहेब, सदोष मालाबद्दल आपण लिहिले ते योग्यच आहे आणि मी तो माल बिनतक्रार परत घेतो. माझी अडचण वेगळी आहे. सणानंतरच्या आठवड्यात फॉल-पिको केलेली, अत्तराचा वास असलेली, एकदा नेसून झालेली साडी "रंग आवडला नाही" म्हणून परत येते. तिला मी सदोष कसे म्हणू? भेट देणाऱ्याने साडीला फॉल लावण्याची घाई करू नये. घेणाऱ्या बाईने ती पाहिल्यावर लावावा, म्हणजे आमच्याकडे बदलून देण्याची सोय राहते. दुकानदार चांगला असेल तर दोष नसलेली साडीसुद्धा बदलून देतो, पण ती कोरी हवी.

तापीवासी | ५ एप्रिल, दुपारी ४:००

म्हणजे साडी देताना दुकानाचा पत्ताही द्यावा लागतो. पाकिटाला तेवढे लागत नाही.

नंदनगरी | ५ एप्रिल, रात्री ९:२५

आम्ही नंदुरबारचे लोक मोठ्या खरेदीला सुरतेला जातो. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावर सणाच्या आधी डबे परतताना गाठोड्यांनी भरलेले असतात. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. लहानपणी तिथे गाडी थांबली की वडील म्हणायचे, "आता अर्धी खरेदी झाली समजा." सुरतेच्या घाऊक बाजारात भाव कमी असतो हे खरे, पण तिथे बरेच दुकानदार एक नग देत नाहीत. सहा-आठ साड्यांचा सेट घ्यावा लागतो. म्हणून आम्ही चार घरच्या जावा एकत्र जातो, सेट फोडतो आणि घरी आल्यावर सतरंजीवर साड्या पसरून कोणती कुणाला द्यायची ते ठरवतो. माझ्या दृष्टीने खरा सण त्याच रात्री होतो. "ही मोठ्या नणंदेला नको, तिला पिवळा आवडत नाही," "ही धाकटीला द्या, तिच्याकडे या रंगाची नाही," असे बोलता बोलता मध्यरात्र होते. तापीवासी काका, तुमच्या आईंचा आवडता रंग असाच कुणीतरी एखाद्या रात्री काढायला हवा होता.

लुगड्यासाठी मात्र सुरत उपयोगाची नाही. तिथे बहुतेक सगळा माल कृत्रिम धाग्याचा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी | ६ एप्रिल, सकाळी ८:१५

मी धडगाव भागात शिक्षक आहे. आमच्याकडची सणाची मोठी खरेदी नुकतीच, होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजारात होऊन गेली. बाहेरचे लोक त्या बाजाराबद्दल काहीबाही लिहितात, पण तो मुळात होळीच्या खरेदीचाच बाजार आहे. डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कंगन, नवे कपडे, ढोल असे सगळे तिथे मिळते. एका वृद्ध आजोबांना मी यंदा साखरेचे हार निवडताना पाहिले. प्रत्येक हार ते उजेडाकडे धरत आणि एकही पदक तुटलेले नाही ना ते पाहत. अर्धा तास त्यांनी पाच हारांसाठी घालवला, कारण नातवंडे पाच होती आणि एकाचा जरी हार तुटका निघाला तरी घरी भांडण झाले असते. विक्रेता एकदाही त्रासला नाही. वस्तू दहा-वीस रुपयांची असली तरी माणूस तिला इतका वेळ देतो, हे मला रोख विरुद्ध वस्तू या चर्चेत सांगावेसे वाटले.

केळी-कपाशी | ६ एप्रिल, रात्री ९:०५

आमची शेती रावेरकडे आहे. आखाजीची आमची पहिली खरेदी नातेवाइकांसाठी नसून सालदारासाठी (वर्षाच्या कराराने शेतावर ठेवलेल्या गड्यासाठी) असते. सालदाराचे वर्ष आखाजी ते आखाजी चालते. जुना करार त्या दिवशी संपतो आणि नवा ठरतो, किंवा माणूस दुसऱ्या शेतावर जातो. आमच्याकडे अकरा वर्षे असलेल्या सालदाराला वडील धोतर-टोपी आणि त्याच्या पत्नीला लुगडे देत असत. वडिलांनंतर मी दोन वर्षे हिशेबात रक्कम वाढवून रोख दिली. मला वाटले की ते त्याच्या अधिक उपयोगाचे आहे. तिसऱ्या वर्षी तो स्वतः म्हणाला, "आप्पा, पैसा तर मजुरीमधी उना. सननं काय?" (म्हणजे, पैसे तर मजुरीत आले, सणाचे काय?) त्या दिवशी मला माझी चूक कळली. मजुरी हा त्याचा हक्क होता आणि कपडा हा मान होता. मी दोन्ही एका पाकिटात घातले आणि त्याचा मान मजुरीत बुडवून टाकला.

आता दरवर्षी आम्ही उभयता त्याच्या कुटुंबाचे कपडे स्वतः निवडतो. बऱ्हाणपूर आम्हाला जवळ पडते, तिथे जातो आणि परतताना दराबा व मावा जिलेबी घेऊन येतो. मुलांच्या मापासाठी मी आधी त्याच्या पत्नीला विचारतो, कारण मुले वर्षात किती वाढली हे अंदाजाने कळत नाही. लुगड्याचे मात्र आम्हालाही यंदा अवघड झाले आहे. कापडपेठ भाऊ, मलाही एक हिरवे हवे आहे.

तापीवासी | ६ एप्रिल, रात्री १०:३०

केळी-कपाशी यांच्या सालदाराचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. रोख देण्याचे माझे मत भाचे, पुतणे, जावई यांच्या बाबतीत अजून कायम आहे, कारण त्यांच्या आवडी मला कळत नाहीत आणि त्यांची कपाटे भरलेली आहेत. पण ज्याला आपण वर्षभर पैसेच देतो, त्याला सणालाही पैसेच दिले तर सण वेगळा राहत नाही, हे मान्य करतो. आमच्या घरी बारा वर्षे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई आहेत. त्यांना काय आवडते, हे मी पत्नीला विचारले. तिला लगेच सांगता आले. मला येत नव्हते.

चोपड्याची सून | ७ एप्रिल, दुपारी १:१०

थोडे पुढचे विचारते. आखाजी झाली की १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे, म्हणजे धोंड्याचा महिना. आमचे जावई पहिल्यांदाच धोंड्याला येणार आहेत. ३३ अनारसे घरी करणार आहे. सोबत दिवा चांदीचा द्यावा की तांब्याचा? सोन्याच्या भावाने लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून अंगठीचा विचार सोडून दिला आहे.

धुळेकर वहिनी | ७ एप्रिल, दुपारी २:००

ताई, पहिला धोंडा असेल तर चांदीचा छोटा दिवा द्यावा, पण भरीव घ्यावा. पोकळ दिव्याला लवकर पोचे येतात. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, तरी हॉलमार्कची वस्तू मागून पाहावी. सोने घ्याल तेव्हा मात्र सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक दागिन्यावर पाहिल्याशिवाय घेऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की दागिन्याची शुद्धता दिसते. जळगावच्या सोन्याचे नाव मोठे आहे, तरी आपण पाहूनच घ्यावे. अनारसे घरी करता आहात ना? मग दिवा तांब्याचा दिला तरी जावई नाराज होणार नाहीत.

कापडपेठ | १३ एप्रिल, रात्री ८:४०

ज्यांनी निरोप पाठवले त्यांच्यासाठी लिहितो. या चर्चेतून मला एकूण सात लुगड्यांची मागणी आली. सात नगांसाठी गाडीभाडे परवडत नाही, म्हणून काल मी स्वतः एसटीने मालेगावला जाऊन आलो. जांभळे मिळायला सर्वांत जास्त वेळ लागला. चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने पोटमाळ्यावरून गठ्ठा काढला आणि मला विचारले, "ये कौन पहनेगा अभी?" मी म्हटले, नेसणाऱ्या सात जणी आहेत. सगळे नग मी मीटरवर मोजले आहेत. सव्वाआठच्या खाली एकही नाही.

गिरणाकाठ | २१ एप्रिल, रात्री ९:१५

आखाजी झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

कापडपेठ भाऊंच्या दुकानात मी १५ तारखेला सकाळी गेले. त्यांनी लुगडे घडी मोडून गादीवर उलगडले, मला काठाचा धागा काढू दिला आणि तो स्वतःच काडीने जाळून दाखवला. राख बोटावर विरली. साडेआठशे रुपये झाले आणि पावती न मागता मिळाली. घरी आल्यावर मी ते एकदा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवले, कारण नवे सूत कडक असते आणि पहिल्या पाण्याला आटते. फुईला ते मऊच हातात द्यायचे होते.

आखाजीच्या दिवशी दुपारी निंबाच्या झोक्यावर मुली गौराईची गाणी म्हणत होत्या. फुई ओट्यावर बसली होती. मी लुगडे तिच्या मांडीवर ठेवले. ती आधी काहीच बोलली नाही. तिने पदराचे टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळले, मग काठ उलटा करून पाहिला. त्यानंतर तिने पदर कोपराशी लावला आणि मधल्या बोटापर्यंत ताणला, पुन्हा कोपराशी लावला, पुन्हा ताणला. मी मनात मोजत होते. हात थरथरत होते, त्यामुळे बाराव्या हाताला ती थोडी चुकली आणि तिने पहिल्यापासून पुन्हा मोजले. अठरा हात भरले आणि पाण्यात आटूनही वर चार बोटे उरली. तेव्हा ती म्हणाली, "तुन्ही मायना मापनं शे." (तुझ्या आईच्या मापाचे आहे.)

मी आईची वही बरोबर नेली होती. फुईची ओळ तिला वाचून दाखवली. मग तिने माझ्याकडून बाकीच्या ओळीही वाचून घेतल्या आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. धाकट्या काकूला आता रुंद काठ चालत नाही, आणि एरंडोलच्या मावशीला बांगड्यांचे माप सव्वादोनऐवजी अडीच लागते. त्या दोन्ही गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या आहेत.

तापीवासी काका, माझ्या भाच्यांना मी यंदा पाकिटेच दिली आणि ते खूश आहेत. तुमचा सल्ला त्या बाबतीत उपयोगी पडला.

केळी-कपाशी | २१ एप्रिल, रात्री ९:५०

आमचे हिरवे लुगडेही वेळेवर पोहोचले. सालदाराने यंदाचे सालही आमच्याकडेच ठरवले. त्याची पत्नी दुसऱ्या दिवशी तेच नेसून कामावर आली, तेव्हा माझ्या पत्नीने तिला आग्रह केला की नवे आहे, शेतात नको. ती म्हणाली की घरात कोण पाहणार?

तापीवासी | २१ एप्रिल, रात्री १०:२०

स्वयंपाकाच्या बाईंना आम्ही पितळी परात दिली. त्यांची जुनी परात गळत होती, हे पत्नीला ठाऊक होते. गिरणाताई, फुईंना आमचा नमस्कार सांगावा.

कापडपेठ | २२ एप्रिल, सकाळी ११:००

सर्वांचे आभार. सातपैकी सहा नग गेले. सातवे ज्यांनी सांगितले होते त्यांच्या आजी आखाजीच्या आधीच वारल्या, म्हणून ते चॉकलेटी लुगडे मी दुकानातच ठेवले आहे. दिवाळीच्या आधी, पितृपक्ष संपला की, मी पुन्हा मालेगावला जाणार आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी रंग, काठाची रुंदी आणि हातांचे माप तिन्ही लिहून पाठवावे. नुसता रंग पाठवू नये.

अंजनीकाठ | २२ एप्रिल, सकाळी ११:२०

माझ्या मामींसाठी एक. हिरवे, काठ दोन बोटे, सोळा हात. मामी ठेंगण्या आहेत.